साडेचारशे वर्षांचा हिशेब

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा पणजीतल्या एखाद्या जुन्या वस्तूंच्या दुकानात सहा एश्कुदांचं नाणं कधीमधी हाताला लागतं. त्यावर पोर्तुगीज प्रजासत्ताकाचं नाव आहे, 'इश्तादु द इंदिया' म्हणजे पोर्तुगीज हिंदुस्थान हे नाव आहे आणि साल आहे १९५९. म्हणजे १९६१ साली पोर्तुगीज गेले तोवर हे चलन जेमतेम दोन-तीन वर्षं चाललं. नाण्याकडे बघताना आधी आकडा खटकतो. एक, दोन, पाच, दहा हे समजू शकतं, पण सहा? या मालिकेत तीन एश्कुदांचंही नाणं होतं, तीस आणि साठ सेंताव्हूंचीही होती. नोटांतही तीस, साठ, तीनशे आणि सहाशे एश्कुदांच्या. जगात दुसरीकडे कुठे असले आकडे सहसा दिसत नाहीत.

उलगडा सोपा आहे. गोव्यात तोवर पोर्तुगीजांची 'रुपिया' चालत होती. १९५८ साली लिस्बननं ठरवलं की ती बंद करून पोर्तुगालचाच एश्कुद इथे आणायचा, कारण गोवा म्हणजे पोर्तुगालच, मग नाणं वेगळं कशाला? एका रुपियाला सहा एश्कुद हा भाव ठरला. पण बाजार रुपयानं आणि आण्यानं मोजत होता. म्हणून सहा एश्कुदांचं नाणं, म्हणजे अख्खा रुपया. तीनचं म्हणजे आठ आणे. तीसची नोट म्हणजे पाच रुपये, सहाशेची म्हणजे शंभर. छापा लिस्बनचा आणि हिशेब पेडण्याच्या वाण्याचा.

एकाकी, बंदिस्त हुकूमशाही म्हटलं की हल्ली आपल्याला उत्तर कोरिया आठवतो. तिथल्या कवायती, पुतळे, बंद सीमा यांच्या चित्रफिती आपण चवीनं बघतो आणि ही माणसं कशी जगत असतील म्हणून हळहळतो. बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग इथल्या ज्यांनी सत्तरी-ऐंशी ओलांडली आहे, त्यांना इतक्या लांब जायची गरज नाही. त्यांच्या लहानपणी असं एक राज्य तेरेखोलच्या खाडीपलीकडे होतं. मावशी तिथे राहत होती.

हे राज्य समजून घ्यायचं तर आधी लिस्बनला जावं लागतं. पोर्तुगालमध्ये १९१० साली राजेशाही गेली आणि प्रजासत्ताक आलं. पुढच्या सोळा वर्षांत तिथे पंचेचाळीसच्या आसपास मंत्रिमंडळं झाली. तिजोरी रिकामी, संप रोजचे. २८ मे १९२६ रोजी लष्करानं सत्ता घेतली, पण लष्कराला जमाखर्च जमेना. तेव्हा कोइंब्रा विद्यापीठातले अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक बोलावले गेले. आंतोनियु द ऑलिव्हैरा सालाझार. जन्म १८८९चा, खेड्यातला. शिक्षण व्हिझेऊच्या सेमिनरीत, पाद्री व्हायच्या वाटेवर असलेल्या मुलांमध्ये. लग्न केलं नाही. १९२८ साली अर्थमंत्री झाल्यावर त्यांनी वर्षभरात अंदाजपत्रक जुळवून दाखवलं आणि तिथून त्यांचं वजन वाढत गेलं. १९३२ साली पंतप्रधान. १९३३ साली नवी राज्यघटना, 'इश्तादु नोव्हु' म्हणजे नवं राज्य. या घटनेवर जनमत घेतलं तेव्हा जे मतदानाला आलेच नाहीत त्यांची मतंही होकारात धरली. आपल्याकडे ग्रामसभेत कधीकधी असंच होतं, पण ते इतिवृत्तात लिहीत नाहीत.

सालाझार हिटलरसारखे ओरडत नसत. सभा त्यांना आवडत नसत. हिशेबनीस माणसाची हुकूमशाही होती ती: एकच पक्ष, वर्तमानपत्रावर 'तपासलं' असा शिक्का, गुप्त पोलीस आणि देव, देश, कुटुंब ही त्रयी. संसद, पक्ष, वाद हे सगळं देशाला पोखरतं. राष्ट्र म्हणजे एक कुटुंब, आणि कुटुंबात निवडणूक नसते, असा एकूण विचार. युरोपातल्या बहुतेक तशा हुकूमशाह्या १९४५मध्ये बुडाल्या. ही टिकली, आणि १९४९ साली नाटोच्या संस्थापक सदस्यांत जाऊन बसली. अझोर बेटांवरचे विमानतळ अमेरिकेला हवे होते. लोकशाहीबद्दल कोणी फार विचारलं नाही.

गोव्यातल्या हिंदूंच्या बाबतीत या कथेला एक पीळ आहे आणि तो बऱ्याचदा सुटतो. १९१०चं प्रजासत्ताक त्यांना फळलं होतं. धर्माच्या नावावरचा भेद कायद्यातून गेला, नोकऱ्यांची दारं किलकिली झाली, मराठी शाळा आणि मराठी नियतकालिकं निघाली. गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचं 'भारत' हे पत्र त्याच काळातलं. 'भारत'कार या नावानंच ते ओळखले जात आणि त्यांच्यावर खटल्यांमागून खटले झाले. म्हणजे सालाझार आले तेव्हा गोव्याकडे मोकळ्या हवेची सोळा वर्षांची आठवण होती. नंतर जे झालं ते म्हणून जास्त बोचलं.

पहिला घाव १९३०चा. त्या वर्षीच्या 'आक्तु कोलोनियाल' या वसाहत कायद्यानं लिहून ठेवलं की दूरचे प्रदेश ताब्यात ठेवणं आणि तिथल्या लोकांना सुधारणं हे पोर्तुगीज राष्ट्राच्या घडणीतच आहे. ज्या माणसाला सुधारायचं तो सुधारणाऱ्याच्या बरोबरीचा कसा असेल? त्याच सुमारास लुईश द मिनेझिश ब्रागांझा यांनी गोव्याच्या विधिमंडळात उभं राहून गोव्याचा स्वयंनिर्णयाचा हक्क सांगणारा ठराव मांडला. चांदरचा हा ख्रिस्ती जमीनदार, पोर्तुगीज भाषेचा मोठा लेखक. गोव्यात सालाझारशाहीला पहिलं उत्तर पोर्तुगीज भाषेतून गेलं, हे आपण मराठी माणसांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

१९३४ साली पोर्तु शहरात वसाहतींचं प्रदर्शन भरलं. तिथला एक नकाशा प्रसिद्ध आहे. युरोपच्या नकाशावर अंगोला आणि मोझांबिक कापून चिकटवले होते. पार पूर्वेपर्यंत युरोप झाकून गेला होता. वर लिहिलं होतं की पोर्तुगाल हा लहान देश नाही. नकाशा एन्रीक गॅल्व्हाऊ या अधिकाऱ्यानं केला होता आणि तो शाळाशाळांत लागला. (याच गॅल्व्हाऊनं पुढे सालाझारविरुद्ध बंड केलं आणि जानेवारी १९६१मध्ये 'सांता मारिया' हे प्रवासी जहाज समुद्रात पळवून नेलं. नकाशे काढणाऱ्यांना कधीकधी खरा आकार कळतो.)

मग भारत स्वतंत्र झाला. फेब्रुवारी १९५० मध्ये नेहरू सरकारनं पोर्तुगालला लिहिलं की गोव्याविषयी बोलूया. उत्तर आलं की हा बोलण्याचा विषयच नाही, गोवा आमचा अविभाज्य भाग आहे. पण तेव्हा त्यांच्याच कायद्यात गोवा 'वसाहत' होती. ही अडचण लिस्बनच्या लक्षात आली आणि १९५१ साली त्यांनी घटना दुरुस्त केली. 'वसाहत' हा शब्द काढला, 'सागरापलीकडचा प्रांत' हा घातला. गोव्यात गव्हर्नर जनरल तोच, पोलीस तेच, छापखान्यावरचा शिक्का तोच. बदलला फक्त शब्द. पुढे डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रसंघात शिरला. राष्ट्रसंघानं नियमाप्रमाणे विचारलं की तुमच्या ताब्यात स्वराज्य नसलेले कोणते प्रदेश आहेत? पोर्तुगालनं कळवलं, एकही नाही.

या शब्दाला तात्त्विक अस्तर हवं होतं. ते ब्राझीलचे समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तु फ्रैर यांच्याकडून मिळालं. पोर्तुगीज माणूस उष्ण कटिबंधात इतर गोऱ्यांसारखा वागत नाही, तो मिसळतो, लग्नं करतो, त्यातून एक नवीन संस्कृती होते, असं त्यांचं प्रतिपादन. पोर्तुगाल सरकारनं त्यांना १९५१-५२ मध्ये आपले बहुतेक प्रदेश फिरवून आणले, गोवाही दाखवला. वर्णभेद नसलेलं बहुखंडी राष्ट्र ही भाषा त्यानंतर सरकारी कागदांत वाढली. खुद्द सालाझारांनी या बहुखंडी राष्ट्राच्या एकाही दूरच्या प्रांतात कधी पाय ठेवला नाही.

आणि या सगळ्याच्या मुळाशी एक आकडा होता: साडेचारशे वर्षं. आफोंसु द आल्बुकेर्क १५१० साली आला, तेव्हापासून गोवा पोर्तुगीज आहे. हिंदुस्थान नावाचं राज्य काल जन्मलं, त्याला आमच्या साडेचारशे वर्षांवर हक्क सांगायचा अधिकार काय? लिस्बनच्या प्रत्येक भाषणात, प्रत्येक टिपणात हा आकडा येतो. १९६० मध्ये जुन्या गोव्यात कामोंइश कवीचा मोठा ब्राँझचा पुतळा उभा केला तोही याच हिशेबात.

आता हा हिशेब गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडण्यात करून बघा.

१५१० साली पोर्तुगीजांना मिळाली ती तिसवाडी. बारदेश आणि साष्टी १५४३ साली. या 'जुन्या काबिजादी', म्हणजे आधी जिंकलेला मुलूख. त्यानंतर दोनशे-सव्वादोनशे वर्षं पोर्तुगीज राज्य तेवढंच होतं. डिचोली त्या काळात कधी आदिलशाहीत, कधी मराठ्यांकडे, कधी सावंतवाडीकर भोसल्यांकडे. नार्वेचं सप्तकोटेश्वराचं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये नव्यानं बांधून दिलं. तो देव मुळात दिवाडी बेटावरचा; तिथलं देऊळ पोर्तुगीजांनी पाडल्यावर लोकांनी लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या हद्दीत आणलं होतं. संभाजी महाराजांचा गोव्यावरच्या स्वारीत तळ डिचोलीला होता. १७४६ साली एका व्हाइसरॉयनं पेडणे तालुक्यातला हळर्णचा किल्ला आणि तेरेखोल घेतलं. लिस्बनला इतका आनंद झाला की त्याला 'मार्केश द आलोर्ना' ही पदवी दिली. आपल्या हळर्णचं नाव पोर्तुगालच्या एका सरदार घराण्याला लागलं आणि पुढे त्या घराण्यातली एक स्त्री पोर्तुगीज भाषेतली नामवंत कवयित्री झाली. हळर्ण तोवर परत हातचं गेलंही होतं.

डिचोली कायमची पोर्तुगीजांकडे गेली १७८१ मध्ये. पेडणे १७८८ मध्ये, आणि तेही लढाईनं नव्हे: सावंतवाडीच्या खेम सावंतांना करवीरकरांशी भांडण निभवायचं होतं, मदतीच्या बदल्यात पेडणे महाल देऊन टाकला. १७८८ ते १९६१. एकशे त्र्याहत्तर वर्षं. डिचोलीची एकशे ऐंशी. इंग्रजांनी बंगाल याच्याहून जास्त वर्षं ठेवला होता.

आकड्यापेक्षा मोठा फरक मुलखाच्या स्वभावाचा. तिसवाडी-बारदेश-साष्टीत धर्मांतरं झाली, इन्क्विझिशन १५६० ते १८१२ असं, मधली थोडी वर्षं सोडता, चाललं. पेडणे-डिचोलीसारख्या 'नव्या काबिजादी' हाती आल्या तेव्हा तो जोर ओसरला होता. इथल्या लोकांना देवळं आणि रीतिरिवाज राखायची हमी द्यावी लागली. त्यामुळे पेडण्याची भगवती पेडण्यात राहिली, शिरगावच्या लईराईचं होमखंड पेटत राहिलं. पत्रव्यवहार, पोथी, शाळा मराठीत. बाजार बांद्याचा. सोयरीक सावंतवाडी, वेंगुर्ले, दोडामार्ग इथे. दशावतारी नाटक रात्रभर चाले आणि त्यातला संकासुर अलीकडचा की पलीकडचा, हे कोणी विचारत नसे. देव, देश, कुटुंब या त्रयीतला देव वेगळा, देश अनोळखी आणि कुटुंब अर्धं सीमेपलीकडे, अशा मुलखाला तुम्ही पोर्तुगालच आहात म्हणून सांगायचं होतं.

लिस्बनला हे ठाऊक नव्हतं असं नाही. ओर्लांदु रिबैरु हे पोर्तुगालचे सर्वांत नावाजलेले भूगोलतज्ज्ञ. सरकारनं त्यांना गोव्यात अभ्यासाला पाठवलं आणि १९५६ साली त्यांनी सालाझारांना अहवाल दिला. मी पाहिलेल्या सगळ्या पोर्तुगीज प्रदेशांत गोवा सर्वांत कमी पोर्तुगीज आहे, भाषा मूठभरांना येते, लोक आपल्याला परकं मानतात, असा त्याचा आशय. माणूस सरकारचा विरोधक नव्हता, डोळे उघडे ठेवून फिरला होता इतकंच. अहवाल बंद कपाटात गेला आणि १९९९ मध्ये छापून बाहेर आला. बंदिस्त राजवटींबद्दल आपला एक समज असतो की वरच्यांना खरं कळत नसावं. बहुतेक वेळा कळतं. त्यांच्याकडे ते टंकलिखित असतं.

मग खोटं टिकवायचं कसं? त्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही, लहानसहान गोष्टी लागतात. सभेला परवानगी. छापील मजकुराला शिक्का. गोव्यातले जुने लोक सांगतात की लग्नपत्रिकासुद्धा तपासून घ्यावी लागे. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया मडगावात बोलायला उभे राहिले ते स्वातंत्र्यावर नव्हे, याच गोष्टींवर: बोलता येत नाही, जमता येत नाही, छापता येत नाही. लोहियांना पकडून सोडलं. गोव्याच्या माणसांना मात्र समुद्रापार पाठवलं. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, डॉ. राम हेगडे, पुरुषोत्तम काकोडकर यांची रवानगी पोर्तुगालला झाली. कुन्हा आणि हेगडे पेनिशच्या किल्ल्यातल्या तुरुंगात. भाषण करायची शिक्षा आठ हजार किलोमीटर.

या यंत्रणेची बारीक नस एका जेवणात दिसते. फेब्रुवारी १९५४. म्हापशात एका न्यायाधीशाचा निरोपसमारंभ. पानं वाढलेली, भाषणं चाललेली. एका वक्त्यानं नेहमीचं वाक्य टाकलं, गोवा म्हणजे पोर्तुगाल. असल्या वाक्यांना मान हलवायची आणि पुढचा घास घ्यायचा अशी रीत. पण पाहुण्यांत डॉ. पुंडलिक गायतोंडे होते. लिस्बनला शिकलेले शल्यविशारद, पत्नी एदिला पोर्तुगीज. ते एकच शब्द बोलले: 'प्रोतेश्तु', माझा निषेध. तेवढ्यावर अटक झाली आणि पतिपत्नींना पोर्तुगालला नेलं. त्यांनी बाँब टाकला नव्हता, पत्रक वाटलं नव्हतं. पण सगळी इमारत त्या एका वाक्यावर उभी होती. भरल्या पंगतीत त्याला कोणी हरकत घेतली की डॉक्टर नको, पोलीस हवा.

त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातचे गेले आणि गोवा खरोखरच बंद होऊ लागला. इथे एक गोष्ट सरळ सांगायला हवी. गोव्याचं एकाकीपण नुसतं सालाझारांनी केलेलं नव्हतं. नाकेबंदी भारताची होती. ये-जा करायला परवाना लागू लागला, १९५५ मध्ये रेल्वे थांबली, मनिऑर्डरी अडल्या, मुंबईत राबणाऱ्या गोवेकरांचे पैसे घरी पोचेनात, ऑगस्टमध्ये वकिलाती बंद झाल्या. सालाझारला वठणीवर आणायचा हा उपाय होता. झालं भलतंच. लिस्बननं जगभरातून माल ओतला: बटाटे हॉलंडचे, तांदूळ ब्रह्मदेशाचा. जकात नगण्य. दाबोळीला विमानतळ झाला, कराचीकडे विमानं जाऊ लागली. पणजीच्या दुकानांत स्विस घड्याळं आणि नायलॉन आलं. सोनं आलं आणि रात्री डोंगरवाटांनी मुंबईकडे गेलं. नाकेबंदीचा खरा फटका बसला तो ज्यांचा बाजार बांद्याला होता आणि ज्यांची मुलगी सावंतवाडीत दिली होती त्यांना. पेडण्याची बाई आईच्या तेराव्याला जाऊ शकत नव्हती आणि पणजीत परदेशी मद्य भारतापेक्षा स्वस्त मिळत होतं.

डिचोलीत तर याहून विचित्र चित्र होतं. शिरगाव, पाळी, डिचोली या पट्ट्यात डोंगरच्या डोंगर लोहखनिजाचे. १९४७ पर्यंत त्याला फारसं गिऱ्हाईक नव्हतं. युद्धानंतर जपानचे पोलाद कारखाने उभे राहू लागले. त्यांनी यंत्रांसाठी उधारी दिली आणि बदल्यात माती मागितली. १९५०च्या आसपास किरकोळ असलेली निर्यात १९६१ पर्यंत साठ लाख टनांच्या घरात गेली. डिचोलीच्या नदीतून बार्जी मांडवीत, मांडवीतून मुरगावला. म्हणजे देव-देश-कुटुंबवाल्या एकाकी राज्याचा खर्च ओसाकाच्या भट्ट्यांवर चालला होता. खाणींचे परवाने कायमचे, हद्दी नकाशावर रेघ ओढून दिलेल्या. ते परवाने पुढे भारताच्या संसदेला १९८७ साली कायदा करून मोडावे लागले, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

सीमेवर सत्याग्रही येत होते. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोंसु यांच्या तुकडीनं तेरेखोलच्या किल्ल्यात तिरंगा लावला. मे १९५५ मध्ये पुण्याहून नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट निघाले. पुढे मधू लिमये, जगन्नाथराव जोशी. मार खाल्ला, लष्करी न्यायालयानं दहा-बारा वर्षांच्या शिक्षा दिल्या, आग्वादच्या किल्ल्यात ठेवलं. १५ ऑगस्ट १९५५ रोजी भारताच्या कानाकोपऱ्यातून आलेले हजारो निःशस्त्र लोक एकाच दिवशी आत शिरले. पत्रादेवीला गोळीबार झाला. पंजाबचे कर्नेलसिंग बेनिपाल तिथे पडले. सीमाभर मिळून त्या दिवशी वीसहून जास्त माणसं गेली. पत्रादेवीला आज हुतात्मा स्मारक आहे. शेजारून मुंबई-गोवा महामार्ग जातो आणि बहुतेक गाड्या थांबत नाहीत.

त्याच वर्षी, २५ नोव्हेंबरला, आंबोलीच्या जंगलातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी एक चोरटं नभोवाणी केंद्र सुरू केलं. कोकणी आणि पोर्तुगीजमधून बातम्या. शिक्का नसलेल्या. डिसेंबर १९६१ पर्यंत ते चाललं. ज्या राज्यात लग्नपत्रिका तपासली जाते तिथे घाटावरून येणारी खरखर केवढी गोष्ट होती याची कल्पना आज मोबाईल हातात धरून येणार नाही.

योगायोग असा की याच १९५५च्या डिसेंबरात प्योंगयांगला उत्तर कोरियाच्या किम इल सुंगनं आपल्या भाषणात 'जुचे' हा शब्द पहिल्यांदा ठासून मांडला: आम्ही आमचेच, कोणाच्या तंत्रानं चालणार नाही. दहा वर्षांनी, १९६५ मध्ये, सालाझारांनी म्हटलं की आम्ही अभिमानानं एकटे आहोत. एक साम्यवादी, दुसरा साम्यवादाचा कट्टर वैरी. तरी बनावट एका साच्यातली. दोघांकडे अपमानाचा इतिहास आहे: एकाला जपानची गुलामी, दुसऱ्याला गेलेलं ब्राझील आणि इंग्रजांपुढे झुकलेली मान. दोघांना एकटेपणाचा गुण करायचा आहे, आणि दोघांचं पोट बाहेरच्या मदतीवर आहे. फरकही मोठा आहे. उत्तर कोरियाची माणसं आपल्या राष्ट्राच्या कथेतली निदान पात्रं तरी आहेत. पेडण्या-डिचोलीच्या माणसाला ज्या कथेत उभं केलं होतं तिची भाषाच त्याला येत नव्हती.

शेवट डिचोली तालुक्यातूनच सुरू झाला. १७ डिसेंबर १९६१ रोजी सकाळी दोडामार्गजवळच्या मावळिंगे इथल्या चौकीवर पहिली चकमक झाली. त्या रात्री सैन्य पुढे सरकलं. पहाटे पोर्तुगीजांनी डिचोली, शापोरा आणि अस्नोडा इथले पूल उडवले. ठरलेल्या योजनेत पूल उडवत मुरगावपर्यंत मागे यायचं होतं. त्याआधी तीन दिवस, १४ तारखेला, सालाझारांची तार आली होती. निदान आठ दिवस तरी लढा. माझ्यापुढे फक्त विजयी किंवा मेलेले सैनिक असतील. गोव्यात त्यांची साडेतीन-चार हजार माणसं होती. गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्व्हा हे पेशानं अभियंते. १९ तारखेला त्यांनी शरणागती दिली. पणजी उभी राहिली ती त्यामुळे. लिस्बननं १९६३ मध्ये त्यांना सैन्यातून काढून टाकलं, कारण ते जिवंत परतले होते. पुढे राजवट गेल्यावर त्यांचा हुद्दा परत मिळाला.

गोवा गेल्यावरही तो गेला असं लिस्बननं मानलं नाही. १९६८ साली सालाझार खुर्चीवरून पडले, मेंदूला मार लागला, दुसरा पंतप्रधान नेमला गेला. पण त्यांना ते सांगायची कोणाची छाती झाली नाही. जुलै १९७०मध्ये मरेपर्यंत मंत्री येऊन त्यांच्यापुढे बैठका भरवत आणि ते कागदांवर हुकूम सोडत. एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनच्या सैनिकांनी बंदुकांत लाल फुलं खोचून ती राजवट संपवली, आणि ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत करार होऊन गोवा भारताचा असल्याचं पोर्तुगालनं मान्य केलं. तेरा वर्षं उशिरा.

मला राहून राहून गंमत वाटते ती आपली. दरवर्षी १९ डिसेंबरला पेडण्याच्या व्यासपीठावरूनही वक्ते सांगतात, साडेचारशे वर्षांची गुलामगिरी. डिचोलीतही तेच. शाळेच्या निबंधात तेच. सालाझारांनी लाडानं वाढवलेला आकडा आम्ही फक्त दुःखाच्या सुरात म्हणतो. ज्या दोन तालुक्यांचा स्वतःचा इतिहास या आकड्याला थेट खोटं पाडतो, तेही म्हणतात.

कागद मात्र आकड्यांपेक्षा चिवट निघाले. डिचोली तालुक्यातल्या मये गावाची मोठी जमीन एका पोर्तुगीज पदवीधारी जमीनदाराची होती. मालक निघून गेला आणि १९६४च्या कायद्यानं ती स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारी देखरेखीखाली गेली. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांच्या नावावर घरही होईना. मये अजून मुक्त झालंच नाही, असं गावकरी म्हणत. २०१४ साली त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला.

आणि दुसरा कागद जन्मनोंदीचा. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेला माणूस पोर्तुगालच्या कायद्यानं आजही पोर्तुगीज नागरिकत्वाचा हक्क सांगू शकतो, त्याची मुलं आणि नातवंडंही. पेडणे आणि डिचोली इथल्या नोंदणी कार्यालयांत त्यासाठी जुनी दप्तरं उघडली जातात. नातवाला लंडनला किंवा स्विंडनला कामाला जायचं असतं; ब्रिटन युरोपीय संघात होतं तोवर ही वाट सरळ होती, आता वळणाची आहे. दप्तरात आजोबांची नोंद निघते. बाकदार पोर्तुगीज अक्षरात नाव, आई-बापाचं नाव, गाव, तास. प्रमाणित प्रत काढायची, तिला शिक्के मारायचे आणि लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात पाठवायची. आजोबांना पोर्तुगीजचा एक शब्द येत नव्हता. नोंदीखाली त्यांच्या वडिलांच्या सहीच्या जागी अंगठा आहे.